वांग्यातील शेंडे व फळे पोखरणारी अळी फवारणीनंतरही परत का येते?

श्रावणात लावलेल्या वांग्याचे शेंडे भाद्रपदात माना टाकू लागतात. शेतकरी दुकानातून औषध आणून फवारतो, आठ-दहा दिवस रान बरे दिसते, आणि दिवाळीच्या आसपास तोडे सुरू होताच छिद्रे पडलेली फळे निघू लागतात. मग दुसरे औषध येते, त्यानंतर दोन औषधांचे मिश्रण येते, आणि चातुर्मासभर वांगे न खाणारी घरे चंपाषष्ठीला खंडोबाच्या भरीत-रोडग्यासाठी वांगी शोधत असतात नेमक्या त्या आठवड्यात आडतीवर किडका माल उतरतो. परभणी, जालना, हिंगोलीकडच्या वांगी उत्पादकांची तक्रार दरवर्षी एकच असते, की औषध लागू पडत नाही. माझ्या वीस गुंठ्यांच्या रानात सलग तीन हंगाम मीही हेच म्हणत होतो. चौथ्या हंगामात मात्र लक्षात आले की औषधाचा दोष थोडा होता. ज्या अळीवर ते पडायला हवे ती उघड्यावर नव्हतीच, आणि तिच्या पुढच्या पिढीचा पतंग कुठून लांबून येत नव्हता, तो आमच्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तयार होत होता.

उपायाकडे वळण्यापूर्वी रोगनिदान पक्के करावे, कारण वांग्यात ‘झाड सुकले’ या एका वाक्याखाली चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. फक्त कोवळा शेंडा वाकलेला आहे आणि खालचे झाड टवटवीत आहे, असे दिसल्यास तो शेंडा वाकलेल्या जागेच्या खाली कापून ब्लेडने उभा चिरावा. आत विष्ठेने भरलेली पोकळी आणि बहुधा फिकट गुलाबी रंगाची अळी सापडेल. तीच या लेखाचा विषय असलेली कीड होय. संपूर्ण झाड एकाएकी कोमेजले असेल तर तो मर रोग असू शकतो. त्यासाठी बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. थोड्या वेळात दुधाळ धागे खाली उतरू लागले तर जिवाणूजन्य मर समजावी, तिथे कोणतेही कीटकनाशक कामाचे नाही. जुन्या, विशेषतः खोडवा म्हणून पुन्हा फुटू दिलेल्या पिकात बुंध्याजवळच्या छिद्रातून भुसा बाहेर पडताना दिसला तर ती खोड पोखरणारी वेगळी अळी असते. पाने बारीक होऊन झाडाचा गुच्छ झाला असेल तर तो पर्णगुच्छ रोग असून त्याचा प्रसार तुडतुड्यांमार्फत होतो. असे झाड उपटून टाकणे हाच मार्ग आहे. निदान न करता फवारणी केल्यास काय होते याचा अनुभव आमच्याकडे एका हंगामात आला. मर लागलेल्या कोपऱ्यात अळीचे औषध दोनदा मारले गेले, आणि औषध बदलून पाहण्याचा सल्ला देणाऱ्याने एकदाही झाड उपटून पाहिले नव्हते.

आता अळी कुठे राहते ते पाहू, कारण सगळा गुंता तिथेच आहे. मादी पतंग रात्री अंडी घालते, ती मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूस, आणि काही कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर व फळांच्या देठाजवळ. एक मादी तिच्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात ऐंशीपासून अडीचशेपर्यंत अंडी घालू शकते. तीन ते पाच दिवसांत अंडे उबते, आणि बाहेर पडलेली सूक्ष्म अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. फवारणीच्या दृष्टीने अळी आपल्या हाती लागते ती एवढ्याच काही तासांत. त्यानंतरचे सुमारे दोन आठवडे ती आत खात राहते, आणि आत शिरताना पडलेले बारीक छिद्र विष्ठेने किंवा झाडाच्या वाढीने बुजून जाते. पूर्ण वाढल्यावर ती फळाला मोठे भोक पाडून बाहेर येते, खाली उतरते, पालापाचोळ्यात, जमिनीलगत किंवा वाळलेल्या काड्यांवर मळकट रंगाचा कोष विणते आणि सात ते दहा दिवसांनी त्यातून पुन्हा पतंग निघतो. उबदार हवेत साधारण महिन्याला एक पिढी पुरी होते. थंडीत हा काळ लांबतो, पण साखळी तुटत नाही.

या जीवनक्रमात एक गोष्ट आहे जी तोडणीच्या वेळी कोणी सहसा ध्यानात घेत नाही. फळावर आपल्याला दिसते ते मोठे, गोल, स्वच्छ भोक अळी बाहेर पडल्याचे असते. म्हणजे ज्या वांग्याकडे पाहून आपण ‘किडले’ म्हणून चिडतो ते वांगे बहुधा रिकामे झालेले असते आणि त्यातील अळी त्याच सरीत कोषात गेलेली असते. उलट देठाच्या टोपीखालून आत शिरलेली अळी असलेले फळ वरून निर्दोष दिसते, क्रेटमध्ये जाते आणि गिऱ्हाइकाच्या सुरीखाली उघडे पडते. म्हणून भोके दिसू लागल्यावर घाईने केलेली फवारणी ही मागच्या पिढीवर झालेली असते. तिचा काही भाग नवीन निघणाऱ्या अळ्यांवर पडतो, हाही योगायोगच.

मग ती पिढी वाढते कुठे? पहिली जागा म्हणजे आपल्याच तोड्याचा कचरा. तोडणीला आलेल्या बायका किडके वांगे ओळखतात आणि सवयीने सरीच्या टोकाला किंवा धुऱ्यावर भिरकावतात. त्यांना तसे सांगणारे आपणच असतो, कारण क्रेटमध्ये किडका माल गेलेला आडतीवर चालत नाही. फेकलेल्या फळात अळी असेल तर ती तिथे आरामात वाढ पूर्ण करते. दुसरी जागा म्हणजे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळ, रचलेल्या जुन्या वांग्याच्या काड्या. कपाशीच्या पऱ्हाट्यांप्रमाणे वांग्याचे झाडही उपटून, वाळवून, चुलीसाठी रचून ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि उन्हाळी वांग्याचा हा ढीग नव्या रोपवाटिकेपासून वीस पावलांवर असतो. त्या काड्यांत व त्यांच्या पाल्यात राहिलेल्या कोषांतून निघणाऱ्या पतंगांना पावसाळ्यात नवी कोवळी रोपे समोरच मिळतात. तैवानमधील आशियाई भाजीपाला संशोधन केंद्राने २००० नंतरच्या काही वर्षांत भारत, बांगलादेश व श्रीलंकेत या एकाच किडीवर जे काम केले, त्यातही जुन्या काड्यांची विल्हेवाट आणि किडलेले शेंडे खुडणे यांना मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांइतकेच महत्त्व दिले गेले होते. तिसरी जागा म्हणजे खोडवा. भाव पडला म्हणून सोडून दिलेले, पाणी मिळेल तसे फुटत राहिलेले जुने वांगे हे अळीचे बारमाही घर आहे. शेजारच्या धुऱ्यावरची काटेरिंगणी व बटाट्याचे पीक यांवरही ही अळी जगते, पण वांगे असताना ती तिकडे फारशी जात नाही, तेव्हा आधी आपला खोडवा पाहावा.

आमच्या रानात चौथ्या हंगामात केलेला पहिला बदल औषधाचा नव्हता. मे महिन्यातच जुन्या काड्यांचा ढीग हलवून लांबच्या चुलीवर जाळून संपवला. जळण म्हणून तो ठेवायचाच असेल तर प्लास्टिकने चारही बाजूंनी झाकून, कडा मातीने दाबून, नवी लागवड फळाला येईपर्यंत उघडू नये, म्हणजे निघालेले पतंग आतच मरतात. खोडवा उपटला. रोपवाटिका त्या जागेपासून दूर केली आणि गादीवाफ्यांवर बारीक विणीची नायलॉन जाळी ताणली, कारण किडलेली दहा रोपे रानात लावली की ती संपूर्ण रानाला पुरतात. लागवड करताना शेंडा वाकलेले रोप घेऊच नये.

लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून शेंडे खुडण्याचे काम सुरू होते, आणि संपूर्ण व्यवस्थापनात सर्वांत अधिक फळ देणारे व सर्वांत कंटाळवाणे काम हेच आहे. फळे लागण्यापूर्वी अळीला शेंड्याशिवाय जागा नसते, त्यामुळे या चार-सहा आठवड्यांत रानातील जवळजवळ प्रत्येक अळी वाकलेल्या शेंड्याच्या रूपाने स्वतःचा पत्ता सांगत असते. फळे धरू लागली की ती फळात शिरते, आणि मग बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी ऊन चढण्यापूर्वी सरी-सरीने फिरून वाकलेला प्रत्येक शेंडा सुकलेल्या भागाच्या बोटभर खाली कापावा. कापलेला भाग खाली न टाकता कमरेच्या पिशवीत ठेवावा आणि दिवसअखेर जाळावा, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावा. उथळ खड्ड्यात पुरणे पुरेसे नसते. शेंडा कापल्याने झाड खुंटेल ही भीती अनाठायी आहे, कारण बाजूने फुटवे येतात. आम्हाला वीस गुंठ्यांना एक माणूस सकाळचे दोन-अडीच तास लागत असे. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यातील शेंडे रिकामे निघतात, म्हणजे अळी उतरून कोषात गेलेली असते. शेंडा चिरून आत अळी आहे की नाही हे अधूनमधून पाहिल्यास आपण वेळेवर आहोत की उशिरा, हे कळते.

तोडे सुरू झाल्यावर हीच शिस्त फळांना लावावी. प्रत्येक तोडणाऱ्या बाईबरोबर किडक्या फळांसाठी वेगळी बादली द्यावी आणि ती बादली रोज रानाबाहेर रिकामी व्हावी. थोडी किडलेली वांगी जनावरांपुढे टाकायची असतील तर लगेच खाल्ली जातील एवढीच टाकावीत. गोठ्याच्या कोपऱ्यातील ढीग म्हणजे धुऱ्यावरचाच ढीग. हे सांगताना मजुरीचा प्रश्न आहे हे मी विसरलेलो नाही, परंतु बादलीला वेगळी मजुरी लागत नाही, लागते ती फक्त पहिल्या दोन तोड्यांना मालकाची उपस्थिती.

कामगंध सापळ्यांविषयी गैरसमज इतके आहेत की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. हा सापळा नर पतंगाला मादीच्या गंधाने फसवतो, आणि प्रत्येक किडीचा गंध वेगळा असतो. आपल्याकडे कपाशीतील गुलाबी बोंडअळीचे किंवा हरभऱ्यातील घाटेअळीचे सापळे घरात पडून असतात, तेच वांग्यात टांगले जातात आणि महिनाभर सापळा रिकामा पाहून कीड नाही असा निष्कर्ष निघतो. वांग्यासाठी ल्युसील्यूर नावाने मिळणारी गोळीच हवी. पिवळे चिकट कागद पांढरी माशी व तुडतुड्यांसाठी उपयोगी आहेत, या अळीच्या पतंगाला त्यांचे आकर्षण नाही. केवळ अंदाज घेण्यासाठी एकरी चार-पाच सापळे पुरतात. नर पकडून संख्या कमी करण्याचा हेतू असेल तर दहा-दहा मीटरवर, म्हणजे एकरी सुमारे चाळीस लावावे लागतात, आणि त्याचा खरा उपयोग शेजारची दोन-चार रानेही त्यात आली तरच दिसतो. सापळा झाडाच्या शेंड्यांच्या पातळीला ठेवून झाड वाढेल तसा वर सरकवावा, गोळी पाकिटावर दिलेल्या मुदतीत, बहुधा महिन्याने, बदलावी आणि तंबाखू मळलेल्या किंवा औषध लागलेल्या हातांनी तिला स्पर्श करू नये. पांढऱ्या पंखांवर तपकिरी-गुलाबी डाग असलेला छोटा पतंग हा आपला. बाकी सापडेल ते मोजू नये. ही संख्या वहीत लिहून ठेवावी, कारण फवारणीची वेळ तीच सांगते.

फवारणी पूर्णपणे टाळता येते असे मी म्हणणार नाही. मात्र तिचा क्रम शेवटचा आहे. सुरुवातीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्क दर दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी फवारल्यास अंडी घालणे कमी होते. पाच किलो निंबोळीची पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, थोडे साबणाचे पाणी घालून शंभर लिटर करावी आणि त्याच दिवशी संपवावी. अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म मित्रकीटकाची कार्डे मिळत असतील तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा खरपुडी, तोंडापूर, सगरोळी, तुळजापूर यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून मात्रा ठरवावी. कार्ड लावण्याच्या आगेमागे आठवडाभर रासायनिक फवारणी केली तर पैसे पाण्यात जातात.

शंभर शेंड्यांमागे किंवा शंभर फळांमागे पाचांहून अधिक किडलेली मिळू लागली तर रासायनिक औषध घ्यावे. इथे वेळ आणि प्रतीक्षाकाळ या दोनच गोष्टींवर बहुतेकांचे गणित चुकते. सापळ्यातील पतंगांची संख्या एकाएकी वाढल्यावर चार-पाच दिवसांनी अंडी उबत असतात. फवारणी त्या वेळी व्हावी, भोके मोजून नव्हे. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे औषध या अळीवर चांगले आहे, परंतु वांग्यासाठी त्याचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे फवारणी ते तोडणी यांतील काळ, २२ दिवसांचा आहे. चार-पाच दिवसांनी तोडा असलेल्या रानात ते बसतच नाही, म्हणून ते हेक्टरी २०० मिली या प्रमाणात फळधारणेपूर्वीच एकदा वापरावे. तोडे चालू असताना इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, दहा लिटर पाण्यात ४ ग्रॅम, तोडा झाल्याच्या संध्याकाळी घ्यावे, कारण त्याचा काळ तीन दिवसांचा आहे आणि पुढचा तोडा त्यानंतर येतो. लेबलवरील मजकूर यापेक्षा वेगळा असल्यास लेबल प्रमाण मानावे. ही दोन औषधे निराळ्या गटांतील आहेत, त्यामुळे एकानंतर दुसरे चालते. एकाच गटाचे औषध सलग तीनदा मारणे म्हणजे अळीला त्याची सवय लावणे आहे. सायपरमेथ्रिनसारखी स्वस्त पायरेथ्रॉइड औषधे वारंवार मारली तर अळी राहते आणि तिच्यावर जगणारे कीटक मरतात, शिवाय पांढरी माशी व रस शोषणारे कोळी वाढतात आणि मग त्यांच्यासाठी आणखी एक औषध लागते. दुकानातून ‘तिन्ही एकत्र’ म्हणून मिळणारे मिश्रण मी एकदा वापरले आहे; त्याने पाने करपली, अळी तशीच राहिली. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास २००५ पासून बंदी आहे, तरीही कपाशीसाठी आणलेला उरलेला डबा वांग्यात रिकामा करण्याचे प्रकार आपल्याकडे घडलेले आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेतकरी-मजुरांचे जे मृत्यू झाले ते शेजारच्याच विभागातले आहेत, म्हणून हातमोजे, तोंडावर मुखपट्टी आणि वाऱ्याच्या दिशेचे भान एवढे तरी सोडू नये.

बीटी, म्हणजे जनुकबदल केलेल्या, वांग्याविषयी प्रश्न हमखास येतो, विशेषतः जालन्याकडून, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ते वाण विकसित करणारी महिको कंपनी जालन्याचीच. या अळीला प्रतिकारक असलेल्या त्या वांग्याला जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला होता, परंतु तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये त्यावर स्थगिती घातली. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे त्याच्या लागवडीस मान्यता नाही. त्या नावाने कोणी पाकीट विकू लागल्यास ते घेऊ नये, कारण त्यात काय आहे याची हमी देणारा कोणीच नसतो.

इतके सारे करूनही अडचण राहिली तर ती कुठे आहे हे वहीवरून शोधता येते. शेंडे खुडणे चालू असताना सहाव्या आठवड्यातही वाकलेल्या शेंड्यांची संख्या घटत नसेल, तर बहुधा फेरी अनियमित आहे किंवा कापलेले शेंडे रानातच पडत आहेत. शेंडे कमी झाले, तरी फळे किडतात असे असेल तर तोडे लांबवले जात आहेत का ते पाहावे. भाव वाढण्याची वाट पाहत झाडावर ठेवलेले वांगे अळीला वाढ पुरी करायला वेळ देते. युरियाचा हात सैल असेल तर शेंडे लुसलुशीत होऊन अळीला अधिक रुचतात. नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे. आणि आपले शेंडे व फळे दोन्ही स्वच्छ असूनही सापळे भरत असतील, तर पतंग शेजारच्या रानातून येत आहेत. हा पतंग फार लांब उडणारा नसल्याने शोध दोन-तीन धुऱ्यांपलीकडे न्यावा लागत नाही. आमच्या बाबतीत हा शोध ओढ्यापलीकडच्या सोडून दिलेल्या खोडव्यापर्यंत गेला. त्या शेजाऱ्याला सापळ्यात अडकलेले पतंग आणि त्याच्याच रानातील चिरलेले शेंडे दाखवल्यावर त्याने आठ दिवसांत ते पीक मोडले, आणि आमच्या सापळ्यांतील पतंगांची संख्या उतरायला त्यानंतर पाच आठवडे लागले.